बकुळच्या वाट्याचा चीक

३ जून २०२५, मंगळवार

आजपासून गोठ्याची वेगळी वही. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली आणि एकच गोष्ट शिकलो. कागदावर आहे ते घडलं, कागदावर नाही ते घडलंच नाही. उद्या कुणी तोंड वर करून "मी असं कधी म्हणालो?" असं विचारायला नको.

तर नोंद. तांबू गाय, तिसरं वेत, सातवा महिना. गासला आलोशियसच्या वाडीत गोठा आहे, त्यातली अर्धी जागा माझी, अर्ध्यात त्याची स्वतःची गाय. शेण काढायला आणि राखायला कृष्णाबाई. मी रोज सकाळी सहाला स्कूटरने फ्लॅटवरून येतो. लतिका म्हणते, "रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, आमचे हे गोठ्यात." बसलोय तर बसलोय. लहानपणी वेंगुर्ल्याला दारात चार गुरं होती. त्या वासाविना चाळीस वर्षं काढली, आता नाही काढायची.

आज लंपीची लस टोचायचं शिबिर होतं. वेळ नऊची, डॉक्टरीण आली दहा चाळीसला. उन्नती नाव. वय माझ्या भाचीएवढं, कंत्राटावर आहे म्हणे. मी तिथल्या तिथे सुनावलं. ती म्हणाली, "काका, सातिवलीला एक म्हैस अडली होती." असेल. मग दिलगिरी व्यक्त करायची, कारण कसलं सांगता? तिने तांबूला टोचलं आणि टोचता टोचता भाषण सुरू केलं. गाभण गायीला टोचलेलं वासराच्या उपयोगी पडतं, चिकातून जातं, जन्मल्याबरोबर अमुक तासांत, असं काहीतरी. माझं लक्ष नव्हतं, मी पावती मागत होतो. पावती नाही म्हणाली, रजिस्टरला सही करा. म्हणजे माझ्या हातात पुरावा शून्य! शेवटी तिच्याच पेनाने तिच्याच हाताने या वहीत लिहून घेतलं. हे बघा: "तांबू, लंपी लस दिली, ३/६/२५." खाली सही. आता पळून दाखव म्हणावं.

२९ जुलै, मंगळवार

वाडीत गुडघाभर चिखल. आलोशियस म्हणतो तांबू पंधरा दिवसांत विणार. फ्लॅटमध्ये बातमी फुटली आहे. लिफ्टमध्ये परेश भेटला, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीबद्दल तीन अर्ज दिलेत त्याला, एकाचं उत्तर नाही. पण आज दात काढून म्हणतो, "काका, खरवस पायजे हां. ओरिजिनल. बाहेर सगळा चायना ग्रास घालून देतात." मी म्हटलं, देईन. सोळाच्या सोळा फ्लॅटना देईन. लतिका म्हणाली, "एवढं कबूल कशाला केलंत?" केलं. या बिल्डिंगीत मला तक्रारखोर म्हणतात, मला ठाऊक आहे. एकदा खाऊन तर बघू देत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तांबू विली! सकाळी ६.५० ला. कालवड. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. लतिकाने फोनवरच नाव ठेवलं, बकुळ.

आलोशियस कालच पुण्याला लेकीकडे गेला, म्हणजे ऐन वेळी मी एकटा आणि कृष्णाबाई. सगळं निभावलं. कालवड वीस मिनिटांत उभी राहिली आणि धडपडत सडांकडे निघाली. मी तिला बाजूला खुंट्याला बांधली. गायीची वार, म्हणजे जार, पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. आजोबांपासूनचा. चीक जड असतो, कच्च्या आतड्याला सोसत नाही, हगवण लागते. कृष्णाबाईला कुठलं हे माहीत! ती आपली माझ्यामागे, "साहेब, पोरीला आधी लावा. गूळ-पानी तोंडात घालून काय होनार?" मी म्हटलं, बाई, तू शेण काढ. तिने तोंड असं केलं की मलाच काही कळत नाही. या लोकांना दोन शब्द गोड बोललं की डोक्यावर बसतात.

८.१५ ला धार काढली. पिवळाजर्द चीक, मधासारखा घट्ट. पावणेपाच लिटर! थेंबही वाया घालवला नाही, सगळा डब्यांत. कालवड दिवसभर हंबरत होती. गुळाचं पाणी तीनदा दिलं.

वार पडायला संध्याकाळचे सहा वाजले. त्याआधी साडेपाचला दुसरी धार, चार लिटर. तीही घेतली, कारण पहिल्यात सोळा घरं होईनात. उद्या सकाळी बकुळला सोडायचं, तोवर तिचं पोटही तयार होईल.

स्कूटरवर पुढे-मागे डबे बांधून घरी आलो. जन्मात पहिल्यांदा वॉचमनने उठून गेट उघडलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सातला बकुळला आईला लावली. लुचली, पण हवी तशी जोरात नाही. नाजूक आहे.

झेंडावंदनानंतर सोसायटीच्या आवारात खरवस वाटला. लतिकाने काल संध्याकाळपासून कुकरच्या पाच खेपा काढल्या. वेलची, जायफळ, वर केशराच्या काड्या. काय वड्या पडल्या होत्या! परेशने तीन खाल्ल्या आणि माइकवरून माझं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. चौथ्या मजल्यावरची आशालता, जी माझ्या स्कूटरवरून दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती, तीसुद्धा "भाऊ, आणखी आहे का हो?" म्हणाली.

एक डबा चीक लतिकाने फ्रीजरमध्ये ठेवला आहे. सणावाराला होईल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डोकं फिरलंय. आधी लिहून काढतो, मग जेवतो.

गासच्या पलीकडच्या गोठ्यात लंपी निघाली. दोन गुरांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी. म्हणून मी स्वतः दवाखान्यात गेलो, बकुळला लस टोचा म्हणून. डॉक्टर उन्नतीने रजिस्टर उघडलं. "हिच्या आईला टोचलंय, तीन जूनला. वासरू जन्मल्यावर लगेच चीक पाजला होता ना? पहिल्या दोन-चार तासांत, पोटभर?"

आता हा काय प्रश्न झाला? मी काय काल जन्मलो? मी म्हटलं, "पाजला हो! सगळं व्यवस्थित केलंय. आमच्या घरी तीन पिढ्या गुरं होती, मला शिकवू नका."

"मग आत्ता नको, काका. आईच्या अंगातली ताकद चिकातून तिच्यात आली आहे. ती असेपर्यंत लस दिली तर ती ताकदच लशीला मारून टाकते. काही उपयोग होत नाही. चार महिन्यांची झाली की या." आणि वर म्हणे, "तुम्हाला नक्की आठवतंय ना? कारण चीक मिळाला नसेल तर गोष्ट वेगळी."

नक्की आठवतंय ना! जिने मी मागितली तेव्हा पावती दिली नाही, ती माझी स्मरणशक्ती तपासते! मी टेबलावर हात आपटून उठलो. मला या खात्यांचे खेळ ठाऊक आहेत. लस मोठ्या तबेलेवाल्यांसाठी राखून ठेवायची आणि आपल्यासारख्याला शास्त्र सांगून वाटेला लावायचं. बॅग तिथेच उघडी होती, बर्फात बाटल्या दिसत होत्या. मी पाहिल्या आहेत. तशी नोंद करतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बकुळला ताप. सकाळपासून दूध तोंडात घेत नाही. नाकातून पाणी.

बाकी महिनाभर लिहिलं नाही, कारण सगळं बरं होतं. गणपतीत भाच्या-पुतण्यांनी गोठ्यात येऊन तिचे शंभर फोटो काढले. मी हाक मारली की कान हलवायची. माझ्या शर्टाचं टोक चोखून चोखून दोन शर्ट वाया घालवले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

गाठी आल्या. मानेवर, पोटावर, मांड्यांवर. पुढचे पाय सुजलेत.

तांबूला काही नाही. शेजारी आलोशियसच्या गायीलाही काही नाही. फक्त हिलाच.

डॉक्टर उन्नती सकाळी आली, संध्याकाळी पुन्हा आली. इंजेक्शनं दिली, गाठींना मलम लावलं. शेवटी गव्हाणीच्या कठड्यावर बसून म्हणाली, "हे एवढं व्हायला नको होतं. आईची लस वेळेवर झालीय. मग इतकं कसं?" मी म्हटलं, मला विचारता? तुम्हाला सांगितलं होतं टोचा म्हणून. कृष्णाबाई दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला झाडू मारायला पाठवलं.

२० सप्टेंबर, शनिवार

तोंडात फोड. बाटलीने पाजलं ते नाकातून बाहेर आलं. आलोशियसने कडुनिंबाचा धूर केला. सालोमी, त्याची बायको, मेणबत्ती लावून गेली. मी दिवसभर बकुळचं डोकं मांडीवर घेऊन माशा वारत बसलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

बकुळ गेली. दुपारी १.२०. एकोणचाळीस दिवस.

आलोशियसने आणि मी वाडीच्या टोकाला खड्डा खणला. चुना, मीठ, माती. तांबू संध्याकाळपर्यंत हंबरत होती. मला ते ऐकवेना म्हणून मी स्कूटर काढली आणि चिंचोटीपर्यंत उगाच जाऊन आलो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

अर्ज लिहिला. चार पानी. चौतीस वर्षांत इतका चांगला अर्ज लिहिला नव्हता.

"विषय: पशुवैद्यकीय अधिकारी यांनी लस उपलब्ध असतानाही ती देण्यास नकार दिल्याने कालवडीचा मृत्यू झाल्याबाबत." दिनांक, वेळ, बर्फातल्या बाटल्या, सगळं. प्रती पाच ठिकाणी. शेवटी लिहिलं, "सदर कर्मचाऱ्यास सेवेत ठेवणे हे मुक्या जनावरांच्या जिवाशी खेळणे आहे."

लतिकाने वाचला. म्हणाली, "अहो, त्या पोरीची नोकरी जाईल. पाच दिवस दोन-दोन वेळा येत होती ती." मी म्हटलं, जाऊ दे! बकुळ गेली ती?

२८ सप्टेंबर, रविवार

आलोशियस भांडला. चर्चमधून, मिस्सावरून तडक गोठ्यात आला. "शांताराम, तू अर्ज मागे घे. माझी गाय विताना अडली होती तेव्हा ह्याच पोरीने दोन तास चिखलात बसून सोडवली. तिचं कंत्राट या महिन्यात वाढायचं होतं, तुझ्या कागदावर अडलंय."

मी म्हटलं, तू त्या दिवशी पुण्यात होतास, तुला काय माहीत?

"तेच तर म्हणतोय. मी नव्हतो. म्हणून विचारतो, तिला चीक कधी पाजलास?"

मी त्याला जा म्हटलं. त्याच्याच वाडीतून त्यालाच! तो गेलाही. सगळे एकच प्रश्न का विचारतात?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र आलं! आठ तारखेला चौकशी, गोठ्यावर. "अर्जदाराने आपल्याकडील सर्व नोंदींसह उपस्थित राहावे."

नोंदी! बाकीच्यांकडे असतील तोंडी गप्पा, माझ्याकडे वही आहे. आता कळेल कारकून काय चीज असतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहू की नको असं पहिल्यांदा वाटतंय.

दुपारी उद्यासाठी वहीतले उतारे स्वच्छ अक्षरात उतरवायला बसलो. लतिकाने वाटी आणून ठेवली. "दोन आठवडे धड जेवला नाहीत. फ्रीजरमध्ये तो डबा होता, त्याचा केला. खा." मी न बघता चमचा तोंडात घातला. डाव्या हाताने खात होतो, उजव्या हाताने लिहीत होतो. तीन जूनचा उतारा उतरवला. "गाभण गायीला टोचलेलं वासराच्या उपयोगी पडतं, चिकातून जातं." ते "माझं लक्ष नव्हतं" वगळावं म्हटलं, साहेबांपुढे बरं दिसत नाही. मग चौदा ऑगस्ट. "पावणेपाच लिटर. थेंबही वाया घालवला नाही." "दुसरी धार, चार लिटर. तीही घेतली." "उद्या सकाळी बकुळला सोडायचं."

सहा पन्नासला जन्म. पहिला घोट दुसऱ्या दिवशी सातला. चोवीस तास. माझ्याच अक्षरात, माझ्याच वेळांसकट.

तोंडात घास होता. वेलचीचा वास येत होता. तो गिळवेना आणि थुंकवेना.

जूनमध्ये पावतीसाठी भांडून मी गायीला जे टोचून घेतलं, ते तिने सव्वादोन महिने अंगात मुरवलं, बकुळसाठी चिकात उतरवलं, आणि मी ते डब्यात भरून सोळा घरांना वाटलं. परेशने तीन वड्या खाल्ल्या. आशालताने मागून घेतल्या. बकुळला गुळाचं पाणी. आणि ती बया हंबरत होती दिवसभर, तेही मीच लिहून ठेवलंय, जणू कुणा दुसऱ्याच्या गोठ्यातली गोष्ट.

पण चिकाचं एकवेळ अज्ञान म्हणू. एकवीस ऑगस्टला तिने सरळ विचारलं होतं. मी "पाजला" म्हणालो. मला तेव्हा आठवत नव्हतं असं नाही. मला तिचं विचारणंच सहन झालं नाही. एक पोरगी मला विचारते म्हणजे काय!

लतिकाला सांगितलं. ती वाटी उचलून आत घेऊन गेली. आतून म्हणाली, "कृष्णाबाई सांगत होती ना?" म्हणजे तिलाही माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

वहीचं ते पान फाडायला एक सेकंद लागला असता. कागदावर नाही ते घडलंच नाही. मी पान धरलं होतं, हे लिहून ठेवतो.

८ ऑक्टोबर, बुधवार

चौकशी झाली. साहेब, डॉक्टर उन्नती, आलोशियस, कृष्णाबाई, मी. साहेबांनी विचारलं, "नोंदी आणल्यात?" मी वही उघडली आणि चौदा ऑगस्ट मोठ्याने वाचला. "बाई, तू शेण काढ" हेसुद्धा वाचलं. मग एकवीस ऑगस्ट वाचला आणि सांगितलं की तिथे मी खोटं बोललो.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे अर्ज मागे घेताय?"

मी म्हटलं, मागे नाही घेत. चौकशी पुरी करा. जबाबदार कोण या रकान्यात माझं नाव घाला. शांताराम पेडणेकर, अर्जदार. आणि त्याच्या प्रती त्याच पाच ठिकाणी पाठवा, पोस्टाचा खर्च माझा. साहेब म्हणाले असा रकाना नसतो. मी म्हटलं, मग पाडा! आवाज चढला. सवय.

डॉक्टर उन्नती स्कूटी सुरू करत होती, मी तिच्याजवळ गेलो. माफी मागायची होती, पण चौतीस वर्षांत तो मसुदा कधी केला नव्हता. तीच बोलली.

"काका, चीक मिळाला असता तर वाचलीच असती असं मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही 'नाही पाजला' म्हणाला असतात ना, तर मी तेव्हाच टोचलं असतं. बॅगेतच होती लस."

ठाऊक आहे. बाटल्या मी पाहिल्या होत्या. तशी नोंदही आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ७.१० ला आलोशियसची गाय विली. खोंड. काळा, पांढऱ्या शेपटीचा.

आलोशियसने आधीच फोन केला होता. गेलो तर परेश माझ्याआधी हजर, मोटरसायकलवर, हातात स्टीलचा डबा. "काका, आलोशियस अंकलना सांगा ना, थोडा चीक. मिसेसच्या माहेरची माणसं आलीत." आणि आलोशियस, सगळं ऐकून-बघून झालेला आलोशियस, भिडेखातर चरवी धुवत होता! म्हणाला, "थोडा देऊ या रे, दारात आलाय माणूस."

मी डबा परेशच्या हातातून घेतला आणि वाडीच्या बाहेर भिरकावला. केळीत जाऊन पडला. "त्याचं पोट भरू दे आधी!" मी एवढ्याने ओरडलो की गाय बिचकली. "दोन तास इथे कुणी भांडं आणलं तर तंगडं मोडीन! उरलं तर मिळेल, नाही उरलं तर पाव खा!" परेश म्हणाला, "काका, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या." झालाय. सोसायटीत मला आता पुन्हा तक्रारखोर म्हणतील. म्हणोत.

खोंडाला सड सापडेना. कृष्णाबाईने त्याचं तोंड धरलं, मी सडाखाली बोट दिलं. "असं नाय, साहेब. असं," म्हणाली. मी तिने दाखवलं तसं केलं.

जन्म ७.१०. चीक पाजला ७.३५. पोटभर. दुसऱ्यांदा ९.२०. वार अजून पडलेली नाही. साक्षीदार: कृष्णाबाई.